मांजरांच्या कल्याणाचे वैज्ञानिक संशोधन

मांजरांच्या कल्याणाचे वैज्ञानिक संशोधन ही प्राणीकल्याणविज्ञानाची एक शाखा आहे. पाळीव, निवारागृहातील आणि मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांची शारीरिक व मानसिक स्थिती कशी आहे, ती कशामुळे सुधारते आणि कशामुळे बिघडते, याचा अभ्यास या शाखेत निरीक्षण, मोजमाप आणि प्रयोग यांच्या आधारे केला जातो. वर्तनशास्त्र, पशुवैद्यक, पोषणशास्त्र आणि संख्याशास्त्र या विषयांचा तिच्यात संगम होतो.

या संशोधनाकडून दोन अपेक्षा केल्या जातात. पहिली, ते नैतिक असावे. ज्या प्राण्याच्या हितासाठी अभ्यास चालला आहे, त्यालाच त्यातून अपाय होऊ नये. दुसरी, ते स्वतंत्र असावे. निष्कर्षात ज्यांचा आर्थिक वा अन्य स्वार्थ गुंतला आहे, त्यांच्या हाती निष्कर्षाची दोरी नसावी. या दोन्ही अपेक्षा केवळ सदाचाराच्या नाहीत. भेदरलेल्या मांजराकडून मिळालेली मापे फसवी असतात आणि हितसंबंधांतून गाळून आलेले निष्कर्ष अपुरे असतात. म्हणून नैतिकता आणि स्वातंत्र्य या संशोधनाच्या विश्वासार्हतेच्याही अटी ठरतात.

संकल्पनेचा विकास

प्राण्यांशी दयेने वागावे, हा विचार प्राचीन आहे. परंतु त्यांचे कल्याण मोजता येते, हा विचार विसाव्या शतकातील आहे. इ.स. १९२६ मध्ये चार्ल्स ह्यूम यांनी लंडन विद्यापीठात प्राणीकल्याणासाठी एक संस्था स्थापन केली. प्राण्यांचे प्रश्न भावनेबरोबरच विज्ञानाच्या साहाय्याने सोडवावेत, ही तिची भूमिका होती. १९६४ मध्ये रूथ हॅरिसन यांनी कारखानी पद्धतीच्या पशुपालनावर लिहिलेल्या पुस्तकाने ब्रिटनमध्ये खळबळ उडाली. सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने १९६५ मध्ये अहवाल दिला. पुढे १९७९ मध्ये ब्रिटनच्या फार्म ॲनिमल वेल्फेअर कौन्सिलने ‘पाच स्वातंत्र्ये’ मांडली. तहान-भूक, अस्वस्थता, वेदना व रोग, भीती व क्लेश यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तन करण्याची मोकळीक, अशी ती पाच होत.

१९९४ मध्ये न्यूझीलंडमधील डेव्हिड मेलर आणि रीड यांनी ‘पाच क्षेत्रे’ ही चौकट सुचविली. पोषण, परिसर, आरोग्य आणि वर्तन या चार क्षेत्रांतील अनुभवांचा परिणाम शेवटी प्राण्याच्या मानसिक स्थितीवर होतो, असे तिचे सूत्र आहे. या चौकटीमुळे केवळ दुःखाचा अभाव नव्हे, तर सुखद अनुभवांची उपस्थिती हादेखील कल्याणाचा भाग मानला जाऊ लागला. ही मांडणी प्रथम शेतीतील आणि प्रयोगशाळेतील प्राण्यांसाठी झाली. मांजरासाठी तिचा अर्थ नव्याने लावावा लागला.

मांजराचे वेगळेपण

आजचे घरगुती मांजर पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतील रानमांजराच्या उपजातीपासून उत्पन्न झाले, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा सापडला आहे. शेती सुरू झाली, धान्याची कोठारे उभी राहिली, तेथे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. कुत्र्याप्रमाणे त्याची कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली नाही. त्यामुळे शरीराने आणि स्वभावाने ते आपल्या रानटी पूर्वजाच्या बरेच जवळ राहिले.

या इतिहासाचे तीन परिणाम संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. मांजर एकट्याने शिकार करते आणि स्वतःही मोठ्या प्राण्यांचे भक्ष्य होऊ शकते. म्हणून दुखणे लपविण्याकडे त्याचा कल असतो. निपचित पडलेले मांजर शांत आहे की वेदनेने वा भीतीने गोठले आहे, हे सहज ओळखता येत नाही. दुसरे म्हणजे माणसाची ओळख त्याला पिल्लूपणीच व्हावी लागते. अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी केलेल्या प्रयोगांतून दोन ते सात आठवड्यांचे वय यासाठी निर्णायक असल्याचे दिसले. या काळात ज्या पिल्लांना माणसाचा हात लागत नाही, ती पुढे माणसाला बिचकतात. तिसरे म्हणजे मांजर हे पूर्णतः मांसाहारी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याचे शरीर पुरेशा प्रमाणात तयार करू शकत नाही. ते प्राणिज अन्नातूनच मिळावे लागते. डोळे मिटून दूध पिणारे मांजर मराठी म्हणीत घर करून बसले असले, तरी पुष्कळशा प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा नीट पचत नाही.

थोडक्यात, कुत्र्याच्या किंवा माणसाच्या मापाने मांजराचे सुख मोजता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र मापे घडवावी लागली.

मोजमापाच्या पद्धती

वर्तनावर आधारित मापनश्रेणी. १९९७ मध्ये केसलर आणि डेनिस टर्नर यांनी मांजरांच्या तात्पुरत्या वसतिगृहांतील अभ्यासात ‘कॅट स्ट्रेस स्कोअर’ ही सात पायऱ्यांची श्रेणी वापरली. शरीराची ठेवण, पोट, पाय, शेपूट, डोके, डोळ्यांच्या बाहुल्या, कान, मिशा आणि आवाज यांचे निरीक्षण करून पूर्ण निवांत अवस्थेपासून अतिभयाच्या अवस्थेपर्यंत गुण दिले जातात. मांजराला स्पर्शही करावा लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण होय.

चेहऱ्यावरून वेदना ओळखणे. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठात पाउलो स्टीगॉल यांच्या गटाने २०१९ मध्ये ‘फेलाइन ग्रिमेस स्केल’ प्रसिद्ध केले. कानांची ठेवण, डोळे आक्रसणे, नाकातोंडाभोवतीचा ताण, मिशांची दिशा आणि खांद्यांच्या तुलनेत डोक्याची उंची या पाच लक्षणांना प्रत्येकी ० ते २ गुण दिले जातात. एकूण १० पैकी ४ किंवा अधिक गुण आल्यास वेदनाशामक देण्याचा विचार करावा, असे सुचविले आहे. हे माप तयार करताना संशोधकांनी निरोगी मांजरांना मुद्दाम वेदना दिल्या नाहीत. आजारपणामुळे आधीच रुग्णालयात आलेल्या ३५ मांजरांचे आणि तुलनेसाठी २० निरोगी मांजरांचे चित्रीकरण करून त्यांनी अभ्यास केला.

शारीरिक निर्देशक. ताणाशी निगडित असलेल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण रक्त, मूत्र, विष्ठा किंवा केस यांत मोजता येते. मात्र रक्त घेण्यासाठी मांजराला धरावे लागते आणि धरण्यानेच ताण वाढतो. म्हणून विष्ठा किंवा केस यांसारखे नमुने अधिक सोयीचे मानले जातात. कॉर्टिसॉल आनंदी उत्तेजनेतही वाढू शकते, त्यामुळे केवळ त्या एका आकड्यावर निष्कर्ष काढला जात नाही.

निवडीच्या चाचण्या. मांजरासमोर दोन किंवा अधिक पर्याय ठेवून ते काय निवडते, किती वेळ तेथे राहते आणि त्यासाठी किती श्रम घेते, हे पाहिले जाते. प्राण्याला प्रश्न विचारण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग होय.

मोजमाप करतानाची परिस्थिती किती महत्त्वाची असते, हे २०११ मधील एका अमेरिकी अभ्यासाने दाखविले. ३० मांजरांची तपासणी त्यांच्या घरी व रुग्णालयात अशा दोन्ही ठिकाणी करण्यात आली. रक्तदाब, हृदयाचे ठोके आणि श्वसनाची गती ही मापे रुग्णालयात लक्षणीयरीत्या अधिक आढळली. निरोगी मांजर भीतीमुळे आजारी भासू शकते. मांजराशी सौम्यपणे वागणे हा नैतिक आग्रह येथे अचूक मोजमापाचीही गरज ठरतो.

काही महत्त्वाचे अभ्यास

दडण्याची पेटी. निवारागृहात नव्याने आलेले मांजर बहुधा कोपऱ्यात अंग चोरून बसते. नेदरलँड्समधील व्हिंके आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा १९ मांजरांचे दोन गट केले. एका गटाला दडण्यासाठी पेटी दिली, दुसऱ्याला दिली नाही. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी पेटी मिळालेल्या मांजरांचा ताण स्पष्टपणे कमी होता. दोन आठवड्यांच्या अखेरीस दोन्ही गट जवळपास समपातळीवर आले. म्हणजे पेटीमुळे मांजर लवकर सावरले. नगण्य किमतीची वस्तू पहिल्या कठीण दिवसांत किती उपयोगी पडते, हे या छोट्या अभ्यासाने दाखविले. लपलेल्या मांजराला बाहेर ओढून ‘सवय लावण्याची’ प्रथा त्यामुळे चुकीची ठरते.

दिनक्रमातील बदल आणि आजार. ओहायो राज्य विद्यापीठात टोनी बफिंग्टन यांच्या गटाने मूत्राशयाच्या एका वेदनादायी विकाराचा दीर्घकाळ अभ्यास केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांत १२ निरोगी आणि २० आजारी मांजरांच्या ७७ आठवड्यांच्या नोंदी होत्या. सांभाळ करणारी व्यक्ती बदलणे, खाण्याची वेळ चुकणे असे अनपेक्षित प्रसंग आले की अन्नावरील वासना उडणे, नेमलेल्या जागेबाहेर शौच करणे ही लक्षणे वाढत. विशेष म्हणजे ती निरोगी मांजरांतही दिसली. ज्याला घरचे लोक मांजराची ‘खोडी’ समजतात, ते कित्येकदा विस्कटलेल्या दिनक्रमाचे लक्षण असते. अशा गैरसमजातून पुष्कळ मांजरे घराबाहेर काढली जातात, म्हणून या निष्कर्षाला व्यावहारिक महत्त्व आहे.

दीर्घकालीन पाहणी. ब्रिस्टल विद्यापीठाने २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘ब्रिस्टल कॅट्स’ या अभ्यासात २,२०० च्या आसपास पिल्लांची नोंदणी झाली. त्यांच्या घरच्या मंडळींनी वेळोवेळी प्रश्नावल्या भरून दिल्या. सुमारे एक वर्षाच्या वयातील लठ्ठपणाचा संबंध मुख्यतः कोरड्या खाद्यावर ठेवणे आणि घरातच कोंडून राहणे या दोन गोष्टींशी असल्याचे २०१५ मध्ये दिसून आले. अशा पाहणीतून संबंध कळतो. कारण सिद्ध होत नाही. मात्र कोणत्याही मांजराला त्रास न देता हजारो दिवसांची माहिती तीतून मिळते.

माणसाशी नाते. कुत्रे माणसाला धरून असते आणि मांजर घराला, असा लोकांचा समज आहे. २०१५ मध्ये ब्रिटनमधील पॉटर आणि मिल्स यांनी २० मांजरांवर केलेल्या चाचण्यांत मांजर मालकाला सुरक्षिततेचा आधार मानते, असा पुरावा मिळाला नाही. २०१९ मध्ये ओरेगन राज्य विद्यापीठातील क्रिस्टिन व्हिटाली यांच्या गटाने वेगळ्या पद्धतीने ७० पिल्लांची चाचणी घेतली, तेव्हा ६४.३ टक्के पिल्लांत सुरक्षित आसक्ती आढळली. दोन्ही अभ्यासांत प्राण्यांचे वय, चाचणीची रचना आणि निकष वेगळे होते. एखाद्या प्रश्नाचे उत्तर तो कसा विचारला यावर किती अवलंबून असते, याचा हा नमुना आहे.

स्पर्शाची मोकळीक. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातील संशोधकांनी लंडनच्या एका निवारागृहात केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मांजराला निवडीची संधी द्यावी, त्याच्या हावभावांकडे लक्ष द्यावे आणि गाल, हनुवटी, कानांचा मूळभाग येथेच स्पर्श करावा, एवढ्याच थोडक्या सूचना लोकांना देण्यात आल्या. त्या पाळल्यावर मांजरांची जवळीक वाढली आणि ओरबाडणे-चावणे कमी झाले.

२०१३ मध्ये मांजरांच्या वैद्यकातील दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी अशा संशोधनाच्या आधारे मांजराच्या परिसराची पाच मूलतत्त्वे सांगितली: सुरक्षित आडोसा, अन्न, पाणी, शौचपात्र व झोपण्याच्या जागा परस्परांपासून दूर आणि पुरेशा संख्येने, खेळण्याची व शिकारीची हौस भागविण्याची सोय, माणसाचे प्रेमळ, सातत्यपूर्ण आणि अंदाज बांधता येईल असे वागणे, आणि मांजराच्या घ्राणेंद्रियाचा मान राखणारे वातावरण.

नैतिकतेचा प्रश्न

‘मांजरांवरील संशोधन’ आणि ‘मांजरांसाठी संशोधन’ यांत भेद करणे आवश्यक आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरांच्या मेंदूतील दृष्टिकेंद्रावर केलेल्या कार्याला १९८१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. लहान मुलांच्या दृष्टिदोषांवर वेळीच उपचार करण्याचे महत्त्व त्यातून कळले. परंतु त्यासाठी पिल्लांच्या पापण्या शिवल्या गेल्या होत्या. या ज्ञानाचा लाभ माणसाला झाला, किंमत मांजराने मोजली. असा व्यवहार कोणत्या मर्यादेपर्यंत समर्थनीय आहे, यावर आजही एकमत नाही.

१९५९ मध्ये विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी प्रयोगांतील प्राण्यांसाठी तीन तत्त्वे मांडली: शक्य तेथे प्राण्याऐवजी पर्याय वापरणे, वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांची संख्या कमी करणे आणि पद्धती अधिकाधिक सौम्य करणे. जगभरातील बहुतेक नियमावल्या याच त्रिसूत्रीवर उभ्या आहेत. जनमताचाही यात वाटा आहे. न्यूयॉर्कमधील अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी येथे मांजरांच्या लैंगिक वर्तनावर चाललेल्या शस्त्रक्रियायुक्त प्रयोगांविरुद्ध हेन्री स्पिरा यांनी १९७६ मध्ये निदर्शने सुरू केली आणि पुढच्या वर्षी ते प्रयोग थांबले. अमेरिकेच्या कृषी खात्याने टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या अभ्यासासाठी मांजरांचा होणारा वापर २०१९ मध्ये बंद केला.

कल्याणविषयक संशोधनात सामान्यतः पुढील दंडक पाळले जातात:

१. रोग किंवा वेदना मुद्दाम निर्माण करण्याऐवजी नैसर्गिकरीत्या आजारी पडलेल्या किंवा आधीच निवारागृहात असलेल्या मांजरांचा अभ्यास करणे.
२. पाळीव मांजराबाबत घरच्या व्यक्तीची माहितीपूर्ण संमती घेणे आणि ती केव्हाही मागे घेण्याची मुभा ठेवणे.
३. मांजर स्वतः संमती देऊ शकत नसले तरी नकार देऊ शकते, हे मानणे. ते फिसकारले, लपले किंवा दूर गेले, तर चाचणी थांबविणे.
४. उपयुक्त ठरलेला उपचार तुलनेच्या गटाला नाकारून त्याचे हाल न करणे.
५. अभ्यास संपल्यावर त्या मांजराचे काय होणार, याची व्यवस्था आधीच करणे.

तिसरा दंडक या क्षेत्राचे वैशिष्ट्य आहे. परंतु त्यातून एक अडचणही उद्भवते: भित्री मांजरे चाचणीतून बाहेर पडतात आणि धीट मांजरेच आकड्यांत उरतात. प्रामाणिक अहवालात किती मांजरे वगळली गेली आणि का, हे म्हणूनच सांगावे लागते.

स्वातंत्र्याचा प्रश्न

स्वतंत्र संशोधनाचे मोल टॉरिनच्या उदाहरणावरून कळते. या द्रव्याच्या अभावी मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये सिद्ध झाले होते. त्यानंतरही बाजारातील तयार खाद्य खाणारी असंख्य मांजरे हृदयाचा स्नायू दुर्बळ होऊन मरत होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी उपचारासाठी आलेल्या अशा मांजरांच्या रक्तातील टॉरिन तपासले. २१ मांजरांत ते कमी आढळले आणि टॉरिन दिल्यावर हृदयाची शक्ती परत आली. हे संशोधन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. खाद्य-उत्पादकांनी टॉरिनचे प्रमाण वाढविले आणि तो प्राणघातक रोग विरळा झाला. वेष्टनावर पोषण परिपूर्ण असल्याचे लिहिलेले असणे आणि मांजराचे शरीर तसे सांगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाद्य विकणाऱ्यांकडे न पाहता आजारी मांजराकडे पाहणाऱ्यांनी हा फरक उघड केला.

मांजरांच्या आरोग्यावरील संशोधनाला सरकारी निधी थोडा मिळतो. खाद्य आणि औषध कंपन्या, धर्मादाय संस्था आणि विद्यापीठे हे निधीचे मुख्य स्रोत आहेत. अमेरिकेत १९४८ पासून मॉरिस ॲनिमल फाउंडेशन आणि १९६८ पासून विन फेलाइन फाउंडेशन (सध्याचे नाव एव्हरीकॅट हेल्थ फाउंडेशन) अशा अभ्यासांना अनुदान देत आहेत. कंपनीने पैसे दिले म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, तसेच धर्मादाय संस्थेने दिले म्हणून तो आपोआप खराही ठरत नाही. कारण मतप्रचार हादेखील एक हितसंबंध आहे. प्रश्न कोणी ठरविला, आकडे कोणाच्या ताब्यात होते आणि प्रतिकूल निकाल छापण्याचे स्वातंत्र्य होते का, हे पाहावे लागते.

एक्सेटर विद्यापीठातील २०२१ चा अभ्यास या संदर्भात बोलका आहे. मांजरे पक्षी मारतात म्हणून चिंतित असलेल्या, पक्षीसंवर्धनाचे काम करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेने त्याला निधी दिला होता. २१९ घरांतील ३५५ मांजरांचा समावेश असलेल्या या अभ्यासात मांजरांना कोंडून ठेवण्याऐवजी त्यांच्या गरजा भागविण्याचे उपाय तपासले गेले. धान्यविरहित, भरपूर मांस असलेले खाद्य दिल्यावर घरी आणल्या जाणाऱ्या शिकारीत ३६ टक्के घट झाली. रोज पाच ते दहा मिनिटे मांजराशी खेळल्यास २५ टक्के घट झाली. गळ्यातल्या घंटेचा मात्र लक्षणीय परिणाम दिसला नाही. घंटा कोणी बांधायची या जुन्या प्रश्नाला असे अनपेक्षित उत्तर मिळाले. निधी पक्ष्यांच्या बाजूने आला, तरी निष्कर्ष मांजरांच्याही हिताचा निघाला, कारण प्रश्नाची मांडणी खुली होती.

संशोधन यशस्वी होऊनही त्याचा लाभ अडून राहू शकतो. मांजरांना होणारा संसर्गजन्य उदरावरणशोथ हा एकेकाळी जवळजवळ निश्चित मृत्यूचा रोग होता. २०१९ मध्ये डेव्हिस येथील नील्स पेडरसन यांनी नैसर्गिकरीत्या आजारी ३१ पाळीव मांजरांवर एका विषाणुरोधी औषधाचा उपचार करून बहुसंख्य मांजरे वाचविली. परंतु मांजरांसाठी त्या औषधाचा अधिकृत परवाना त्या वेळी नव्हता. अनेक देशांतील लोकांना ते चोरट्या बाजारातून, शुद्धतेची हमी नसताना विकत घ्यावे लागले. ब्रिटनमध्ये २०२१ पासून ते पशुवैद्यांमार्फत रीतसर मिळू लागले. ज्ञान स्वतंत्र असले, तरी ते पोहोचविणारी व्यवस्था तशी असेलच असे नाही.

मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांचा अभ्यास

पकडणे, निर्बीजीकरण करणे आणि मूळ जागी सोडणे ही पद्धत अनेक देशांत वापरली जाते. तिच्याविषयी २००३ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातूनच दोन परस्परविरोधी अहवाल आले. ज्युली लेव्ही आणि सहकाऱ्यांनी एका विद्यापीठाच्या आवारातील मांजरांच्या ११ वर्षांच्या नोंदी तपासल्या. १९९६ मध्ये तेथे ६८ मांजरे होती, २००२ मध्ये २३ उरली. एकूण १५५ मांजरांपैकी ४७ टक्के दत्तक गेली होती. कॅस्टिलो आणि क्लार्क यांनी दोन सार्वजनिक उद्यानांचा अभ्यास केला, तेव्हा संख्या अपेक्षेप्रमाणे घटली नाही. लोक तेथे नको असलेली मांजरे आणून सोडत होते.

दोन्ही अहवाल एकत्र वाचल्यास निष्कर्ष स्पष्ट होतो. केवळ शस्त्रक्रिया पुरेशी नसते. बहुसंख्य मांजरांचे निर्बीजीकरण, नव्या मांजरांवर लक्ष, दत्तक योजना आणि मांजरे टाकून देण्याला आळा ही सर्व कामे एकत्र व्हावी लागतात. यांपैकी एकच अहवाल हाती घेऊन मोहीम चालविणारे मांजराच्या बाजूचे असोत वा विरोधी, अर्धेच सत्य सांगत असतात.

भारतातील स्थिती

भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या चौथ्या प्रकरणात प्राण्यांवरील प्रयोगांच्या नियमनाची तरतूद असून त्यासाठी केंद्रीय समिती आहे. प्रयोग करणाऱ्या संस्थांना नोंदणी करावी लागते आणि संस्थात्मक प्राणी नीती समितीची मान्यता घ्यावी लागते. प्राण्यांची पैदास व प्रयोग यांसंबंधीचे नियम १९९८ मध्ये करण्यात आले. २००१ चे जन्म नियंत्रण नियम केवळ कुत्र्यांसाठी होते; त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांच्या कक्षेत भटकी मांजरेही येतात.

वर उल्लेखिलेले बहुतेक अभ्यास युरोप व अमेरिकेतील बंदिस्त घरांत किंवा निवारागृहांत झाले आहेत. भारतातील मांजरांचे जीवन पुष्कळदा निराळे असते. एकच मांजर चाळीतील चार घरी जेवते, मासळीबाजारात वाढते, कुणाचेही नसते आणि सगळ्यांचे असते. ‘मालक’ हा शब्दच जेथे सैल आहे, तेथे मालकाची संमती, घरातील जागेची वाटणी किंवा खाद्याचा प्रकार याविषयीचे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. पिल्लांची सवय लागण्याचे वय, टॉरिनची गरज किंवा वेदनेची चेहऱ्यावरील लक्षणे यांसारखे जैविक निष्कर्ष मात्र स्थलकालाने फारसे बदलत नाहीत. कोणते निष्कर्ष उसने घेता येतात आणि कोणते येथेच तपासावे लागतात, हा विवेक स्थानिक संशोधनाचा पाया होय. मुंबईतील परळ येथे १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि त्यासह राज्यातील पशुवैद्यक शिक्षण नागपूर येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. स्पर्शविरहित निरीक्षणाच्या श्रेणी वापरण्यास महागडी उपकरणे लागत नसल्याने असे अभ्यास येथे अल्प खर्चात होऊ शकतात.

मर्यादा

या शाखेतील अनेक अभ्यासांत मांजरांची संख्या थोडी असते. प्रश्नावलीवर आधारलेल्या पाहण्यांत मांजराविषयी आस्था असलेले लोकच भाग घेतात. उपेक्षित मांजरे नोंदीत येत नाहीत. वर्तनाला गुण देताना निरीक्षकाची अपेक्षा आड येऊ शकते, म्हणून मांजर कोणत्या गटातील आहे हे निरीक्षकाला कळू न देण्याची पद्धत अवलंबिली जाते. दडण्याच्या पेटीसारख्या अभ्यासात मात्र ते लपविता येत नाही. सकारात्मक निकाल लवकर छापले जातात आणि नकारात्मक मागे पडतात, हा दोष येथेही आहे. त्यावर उपाय म्हणून अभ्यासाचा आराखडा आधीच नोंदविणे आणि मूळ आकडे खुले ठेवणे यांचा पुरस्कार केला जातो.

संशोधनाचे मूल्यमापन

मांजरांविषयीचा एखादा दावा तपासताना विद्यार्थ्यांनी व सामान्य वाचकांनी पुढील प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते. किती आणि कोणत्या मांजरांवर अभ्यास झाला? तुलनेसाठी दुसरा गट होता का? काय मोजले, आणि मोजण्याच्या कृतीनेच मांजराची स्थिती बदलली नाही ना? संबंध दाखविला आहे की कारण? किती मांजरे अभ्यासातून वगळली गेली? निधी कोणी दिला आणि तो जाहीर केला आहे का? दुसऱ्या कोणी तोच अभ्यास करून पाहिला आहे का? आणि शेवटी, अभ्यासात सहभागी झालेल्या मांजरांचे पुढे काय झाले? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या अहवालात सापडते, त्याची पद्धतही बहुधा काळजीपूर्वक आखलेली असते.